वाळवंटातला चक्का

बीरशेबा गाव मागे पडले की बसच्या दोन्ही खिडक्यांतून एकच देखावा दिसू लागतो. पिवळट तांबूस टेकड्या, त्यांच्या अंगावर वाऱ्याने ओढलेल्या रेघा, मधूनच बेदूइन लोकांची पत्र्याची घरे आणि शेळ्यांचा एखादा कळप. आपल्याकडे घाटात ‘पुढे वळण आहे’ अशी पाटी असते. इथे तांबड्या त्रिकोणात उंटाचे चित्र काढून, उंट आडवा येईल, सांभाळा, अशी सूचना दिलेली असते. झाड म्हणून दिसेल ते माणसाने लावलेले आणि नळीने पाणी पाजलेले. हे नेगेव्हचे वाळवंट. या ओसाड मुलखात पस्तीसएक किलोमीटर आत गेल्यावर दिमोना लागते. आम्ही उभयता तिथे उतरलो, पिशव्या मोजल्या, आणि थांब्यावरच्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आमच्याकडे पाहून विचारले,

“काय, पुण्याहून आलात वाटतं?”

त्यांनी ओळखले ते सौभाग्यवतीच्या नऊवारीवरून म्हणावे, तर ती नेसते पाचवारी. मागाहून कळले, की त्यांनी आमचे बसमधले भांडण ऐकले होते. पिशवीतला लाडवांचा डबा मांडीवर घ्यावा की वर फळीवर ठेवावा, यावर ते चालले होते. परदेशात मराठी माणसाचे पारपत्र म्हणजे त्याचे भांडण!

दिमोना हे काही यात्रेकरूंचे गाव नव्हे. जेरुसलेमची पवित्र भिंत पाहून, मृत समुद्रात तरंगून घेऊन लोक परत फिरतात. दिमोनाकडे फिरकत नाहीत. जगाला हे नाव माहीत आहे ते तिथल्या अणुसंशोधन केंद्रामुळे. गावाचा जन्म १९५५ सालचा, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेएवढे त्याचे वय. नाव मात्र थेट बायबलमधून उचललेले. मोरोक्कोतून, रुमानियातून, आणि आपल्या कोकणातून नि मुंबईतून आलेल्या माणसांना सरकारने इथे आणून वसवले. कोणी मृत समुद्राच्या कारखान्यात लागले, कोणी १९५८ साली निघालेल्या कापडगिरणीत. परळ-भायखळ्याच्या गिरण्यांत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना समुद्र ओलांडून वाळवंटात आल्यावरही भोंगा काही सुटला नाही.

ही आपली माणसे म्हणजे बेने इस्रायल. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांचा वंश कुलाबा जिल्ह्यात वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेलाचे घाणे हा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांचे नाव पाडले शनवारतेली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, किहीमचे ते किहीमकर. पुण्यात १८७४ साली छापलेली त्यांची वल्हांडणाची एक पोथी आहे. तिच्यात हिब्रूच्या जोडीला मराठी भाषांतर आहे, आणि चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्यासारख्या लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. मराठीचा मास्तर म्हणून मला या मंडळींच्या बोलीचे कुतूहल होते. विशेषतः त्यांच्या सणांच्या जुन्या नावांचे. योम किप्पूरला ते दारफळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे. नववर्षाला नव्याचा सण. जेरुसलेमचे मंदिर पडले त्या दिवसाच्या उपासाला बिरड्याचा सण, कारण तो वालाच्या बिरड्यावर सोडायचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पडझडीचे दुःख ज्या जमातीने वालाच्या बिरड्यात जपून ठेवले, तिच्या स्वयंपाकघरात डोकावल्याशिवाय तिची भाषा कळणार नाही, अशी माझी पक्की समजूत. म्हणून २०१७ सालच्या मे महिन्यात, कॉलेजला सुट्टी लागताच, आम्ही निघालो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आजीची धाकटी बहीण दिमोनात राहते. वय शहात्तर. आम्ही तिच्याकडे चार दिवस उतरलो आणि पहिल्या तासाभरातच ती आमची मावशी झाली. तिसऱ्या मजल्यावर तिचे घर. चौकटीला मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची गुंडाळी ठेवलेली लहानशी नळी. आत भिंतीवर रथातून स्वर्गाकडे निघालेल्या एलियाहू पैगंबराची तसबीर. तिच्याखाली विळी उभी करून ठेवलेली. या घरातल्या कुठल्याही शुभकार्याला एलियाहूच्या नावाने मलिदा होतो; भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलदोडा, सुकामेवा. मुंबई सुटली १९६१ साली, तेव्हा मावशी वीस वर्षांची होती, आणि तिची मराठी त्या साली जशी होती तशीच राहिली आहे. ती सिनेमाला बोलपट म्हणते आणि स्वस्त वस्तूला चार आण्याची. मी वहीत शब्द टिपून घेऊ लागलो की म्हणायची, “लिहा मास्तर, लिहा. माझ्या मागं हे कोण बोलणार?”

हे ती हसत म्हणे. पण ते खरे होते. मावशीचा मुलगा मराठी समजतो, मोडकी बोलतो. सून मोरोक्कन घरातली. नात एकोणीस वर्षांची, सैन्यात. ती सणाच्या रजेवर आली ती खांद्याला बंदूक आणि पाठीला पिशवी लावून, आजीच्या गळ्यात पडली, आणि दोघी हिब्रूत बोलू लागल्या. मावशी मधूनच मराठीत काही बोले. नात उत्तर द्यायची ते हिब्रूतच. तिला कळते सगळे, पण ओठांवर येत नाही, असे मावशी म्हणाली.

सण होता शावुओत. वल्हांडणापासून सात आठवडे मोजायचे आणि पन्नासाव्या दिवशी हा सण येतो. सिनाय पर्वतावर इस्रायलला धर्मशास्त्र मिळाले, तो हा दिवस. आणि गव्हाच्या सुगीचा, पहिल्या फळांचाही. बालवाडीतली पोरे पांढरे कपडे आणि डोक्यावर फुलांची वेणी घालून, हातात फळांची टोपली घेऊन मिरवतात. धर्मनिष्ठ लोक रात्रभर ग्रंथ वाचीत बसतात. आणि साऱ्या देशात त्या दिवशी दुधातुपाचे जेवण. का, याची कारणे अनेक सांगतात. एक असे, की शास्त्र नुकतेच मिळालेले, मांस शास्त्रशुद्ध कसे करावे हे अजून कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून पहिल्या दिवशी दुधावर भागवले. ज्या घरात मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी, चमचे वेगळे, एका जेवणात दोन्ही कधी एकत्र यायचे नाही, तिथे दुधाचा असा खास सण म्हणजे पोरांना पर्वणी. कोकणात असताना बेने इस्रायलांनी या अडचणीवर नारळाने मात केली होती. मटणाच्या रश्शात नारळाचे दूध, जेवणानंतरच्या गोडातही नारळाचेच दूध. नारळ ना मांसात मोडतो ना दुधात.

शावुओतच्या आदल्या आठवड्यात इस्रायलमधल्या दुकानांत जी झुंबड उडते ती पाहिल्याशिवाय खरी वाटणार नाही. दिवाळीच्या तोंडावर आपल्याकडे रवा-मैद्यावर उडते तशी तिथे दह्या-चीजवर. जो तो चीजकेक करण्याच्या खटपटीत. त्यातला एक प्रकार जर्मनीकडून आलेल्या यहुद्यांनी आणलेला, भट्टीत भाजायचा. दुसरा प्रकार अस्सल इस्रायली, आणि त्याला भट्टी लागतच नाही. त्याचे नाव उगात बिस्कवितिम, म्हणजे सरळ बिस्किटांचा केक. मावशीच्या घरी तो व्हायचा होता, आणि सोमवारी सकाळी तिने आम्हा दोघांना स्वयंपाकघरात बोलावले.

टेबलावर तिने जिन्नस मांडले. ‘ग्विना लेवाना’, म्हणजे पांढरे चीज, अडीचशे ग्रॅमचे दोन डबे. त्यावर नऊ हा आकडा. म्हणजे शेकडा नऊ टक्के स्निग्धांश. पाच टक्क्यांचेही मिळते, पण मावशीच्या मते ते आजाऱ्यांसाठी. सौभाग्यवतीने एका डब्याचे झाकण काढले, चमच्याच्या टोकाने चाखून पाहिले, आणि परमुलखात माहेरचे माणूस दिसावे तसा तिचा चेहरा झाला.

“अहो, हा तर चक्का!”

“मग मी काय सांगत्ये?” मावशी म्हणाली. “मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला पण श्रीखंडच आठवलं होतं. फक्त हा जरा पातळ. आपला फडक्यात टांगलेला असतो, ह्याला कोणी टांगलेलं नसतं इतकंच.”

यावर दोघींची चक्क्यावर चर्चा झाली ती मी इथे देत नाही. दही रात्रभर टांगावे की आठ तास पुरेत, पंचा घ्यावा की मलमल, पुरणयंत्रातून एकदा काढावे की दोनदा, या प्रश्नांवर मराठी स्त्रियांचे एकमत पुण्यात होत नाही, ते दिमोनात कुठून होणार? मी आपला बाकीचे जिन्नस पाहत राहिलो. घट्ट साय, शेकडा अडतीस टक्के स्निग्धांशाची, अडीचशे मिलिलिटरचे दोन डबे. अर्धी वाटी साखर. व्हॅनिला पुडिंगच्या पुडीचा ऐंशी ग्रॅमचा डबा. दूध. चॉकलेटची वडी. आणि पतीबेर नावाची चौकोनी, कडेला दाते असलेली बिस्किटे. आपल्याकडच्या चहातल्या बिस्किटांची ती चुलत भावंडे.

कृती अशी सोपी, की मला वाटले ही वाचकांना सांगितलीच पाहिजे. साय थंडगार असली पाहिजे, भांडेही थंड. ती घुसळत जायचे. घुसळताना स्निग्धांशाचे कण एकमेकांना धरून हवेचे बुडबुडे आत कोंडून ठेवतात, आणि साय फुगून उभी राहते. इथेच थांबायचे, आणखी घुसळली तर लोणी येईल. मग त्यात साखर, पुडिंगची पूड आणि पांढरे चीज हलक्या हाताने कालवायचे. त्या पुडीतले पिष्ट थंडीतच ओलावा ओढून घेते आणि मिश्रण धरून ठेवते. विस्तव म्हणून कुठे लागत नाही. एकीकडे बिस्किटे दुधात बुडवायची, पण बुडवायची म्हणजे नुसती न्हाऊ घालायची. ‘एक’ म्हणेपर्यंत आत, ‘दोन’ म्हणताच बाहेर. पसरट कढईवजा तबकात बिस्किटांचा थर, त्यावर चक्क्याचा थर, पुन्हा बिस्किटे, पुन्हा चक्का, वर तिसऱ्यांदा बिस्किटे. शेवटी चॉकलेट थोड्या सायीत विरघळवून वरून ओतायचे, एवढ्यापुरता गॅस पेटवायचा. मग शीतकपाटात रात्रभर. बिस्किटे हळूहळू चक्क्यातला ओलावा पितात, त्यांचा कडकपणा जातो, आणि सकाळी सुरी घालावी तर बिस्कीट कुठे संपले आणि केक कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही.

बिस्किटे न्हाऊ घालण्याचे काम नातीकडे आणि माझ्याकडे होते. ती बोटे मोडून हिब्रूत मोजायची, “अखात, श्तायिम”; मी मराठीत, “एक, दोन”. थोड्या वेळाने ती माझे आकडे म्हणू लागली आणि मी तिचे.

थर लागत होते तेव्हा मावशीचा हात मी पाहत होतो. चमच्याच्या पाठीने मिश्रण सारखे करणे, तबक दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर हलकेच आपटणे, कडा बोटाने पुसून घेणे. हे सारे मी कुठेतरी पाहिले होते. वड्या थापताना आपल्या घरातली प्रत्येक आजी हेच करते. मी तसे म्हणताच मावशी म्हणाली,

“नव्याच्या सणाला आम्ही चिकाचा हलवा करतो, तो तुम्ही खाल्लाय का? गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक गाळून घ्यायचा. नारळाचं दूध, साखर. आणि ढवळायचं, ढवळायचं, हात तुटेपर्यंत. मग थाळीत ओतायचं, थिजू द्यायचं, वड्या पाडायच्या. भट्टी आमच्याकडे होती कुठं? इथल्या बायका रडत होत्या, घरात ओव्हन नाही म्हणून. मला ते कळेना. मी म्हटलं, ओव्हन कशाला हवा?”

मला हे फार मार्मिक वाटले. या केकचा जन्मच मुळी अडचणीतला. इस्रायलचे राज्य झाल्यावर १९४९ पासून दहा वर्षे तिथे काटकसरीचा कायदा होता; अंडी, साखर, लोणी मोजून मिळायचे. नव्या वसाहतींतल्या घरांत रॉकेलची वातीची चूल, आणि केक करायचाच तर मध्ये भोक असलेले एक खास पातेले चुलीवर ठेवायचे. त्याला ‘चमत्काराचे पातेले’ असेच नाव होते. बिस्किटे आणि पांढरे चीज मात्र मिळे. बुडापेस्ट, बुखारेस्ट, बर्लिन सोडून आलेल्या बायकांना भट्टीविना केक करणे म्हणजे गरिबी वाटली असेल. मावशीला ती गरिबी वाटली नाही. तिच्या आईच्या, आजीच्या स्वयंपाकघरात गोड पदार्थ थाळीत थिजतच आलेला होता. परक्या देशातला हा एकच पदार्थ असा, की जो करताना तिचा हात बुजला नाही.

पण तो तिला शिकवला कोणी, याची हकीकत निराळी आहे. ती तिने तबक शीतकपाटात सरकवून, हात पुसून, खुर्चीवर बसल्यावर सांगितली.

मावशीबरोबर तिची धाकटी नणंद इथे आली होती. तिचे लग्न एका इराकी यहुदी मुलाशी ठरले. दोघे गिरणीत कामाला. दोघांच्या घरचे राजी. पण १९६२ साली मुख्य धर्मपीठाने एक फर्मान काढले, की बेने इस्रायलांपैकी कोणाचे जमातीबाहेर लग्न लावायचे असेल तर त्याच्या आईची, आजीची, मागे जाता येईल तितक्या पिढ्यांची चौकशी करावी. कोणी परधर्मीय त्यात मिसळले नाही ना, ते पाहावे. शनिवारी घाणा बंद ठेवून ज्यांनी शेकडो वर्षे आपली ओळख जपली, त्यांना आता ती कागदावर मागितली गेली.

“आमच्या नणंदेला विचारलं, तुझ्या पणजीचा दाखला आण. पणजी नागावला गेली. तिच्या वेळेला दाखला कसला? दारात तुळस नव्हती, शनवारी चूल नव्हती, हाच दाखला.” मावशी क्षणभर थांबली. “पोरगी दोन वर्षं झुरली हो मास्तर. मुलाची आई म्हणायची, थांबू या. थांबू या म्हणजे काय, ते मुलीला कळतं. आमचे हे म्हणायला लागले, परत जाऊ या. काही जण गेलेही परत. मी ट्रंक उघडून बसले होते.”

त्या दिवसांत बिऱ्हाडाच्या वरच्या मजल्यावर एक रुमानियन बाई राहायची. तिला मराठी येत नव्हते आणि मावशीला रुमानियन. दोघींची हिब्रू मिळून एका बाईची पुरी झाली नसती. जिन्यात भेटल्या तर मान हलवायच्या इतकाच परिचय. १९६४ सालच्या शावुओतच्या संध्याकाळी दार वाजले. बाई दारात उभी. हातात निळ्या काठाची चिनीमातीची ताटली, त्यावर केकचे सहा तुकडे. तिने ताटली मावशीच्या हातात दिली, सणाच्या शुभेच्छेचे दोन शब्द बोलली, ट्रंकेकडे एकदा पाहिले आणि गेली.

“काही विचारलं नाही,” मावशी म्हणाली. “साऱ्या देशात ती एकटीच असेल, जिनं मला काही विचारलं नाही.”

त्या सणाला देवळात रूथचे पुस्तक वाचतात, हे मला ठाऊक होते. रूथ ही मवाबातली, परक्या जातीची मुलगी. नवरा मेल्यावरही तिने सासूला सोडले नाही. सासूचा देव आणि सासूचे लोक आपले मानून ती बेथलेहेमला आली, शेतात सरवा वेचून सासूला जगवले. तिच्याच वंशात पुढे दावीद राजा जन्मला. तिच्या पणजीचा दाखला कोणी मागितला नव्हता. मी हे बोलून दाखवायला निघालो होतो, पण मावशीच म्हणाली, “त्या वर्षी देवळात रूथ वाचली तेव्हा आमच्या बायका मोठ्यानं रडल्या.”

त्या उन्हाळ्यात बेने इस्रायल जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसले. मावशीचे यजमान गिरणीतून बिनपगारी रजा काढून गेले. प्रकरण संसदेपर्यंत पोहोचले, आणि ऑगस्टमध्ये सरकारने जाहीर केले, की बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत, इतरांहून त्यांच्यात काही फरक नाही. फर्मान बदलले गेले. नणंदेचे लग्न पुढच्या वर्षी झाले. तिला आता पतवंडे आहेत.

“पण मला सांगा मावशी,” सौभाग्यवतीने विचारले, “ती ताटली तुम्ही परत कशी केली?” हा प्रश्न मला सुचला नसता. तो विचारायला मराठी बाईच हवी.

मावशी हसली. “रिकामी कशी देणार? घरात रवा होता. लाडू वळले, पाच ठेवले. ती खाऊन पाहते तर काय, तिला वेलदोडा ठाऊक नाही! खाली आली, मला म्हणते, हे काय आहे? मी डबी उघडून दाखवली. हिब्रूत त्याला हेल म्हणतात. इथं तो कॉफीत घालतात, गोडात नाही. दर गुरुवारी बीरशेबाच्या बेदूइन बाजारातून मी आणायची. दुसऱ्या दिवशी तिनं मला केक करायला शिकवला, आणि मी तिला त्यात वेलदोडा घालायला. तिच्याकडे बर्फाची पेटी होती, आमच्याकडे तीही नव्हती. माझा केक तिच्या पेटीत थिजायचा.”

तेव्हा मला उलगडा झाला. पुडिंगची पूड घालताना मावशीने लहान खलबत्त्यातून काहीतरी चिमूटभर टाकले होते, आणि स्वयंपाकघरात एकदम दिवाळीचा वास सुटला होता. मी नातीला विचारले, आजीच्या केकात हेल असतो तो तुला आवडतो का? मावशीने भाषांतर केले. नातीला प्रश्नच कळेना. तिच्या समजुतीप्रमाणे बिस्किटांच्या केकात वेलदोडा असतोच. सैन्यातल्या मैत्रिणीकडे तिने तो बिनवेलदोड्याचा खाल्ला तेव्हा तिला वाटले, की त्या घरचे घालायला विसरले.

मी बारा दिवस इस्रायलभर हिंडलो. लोदला, अश्दोदला बेने इस्रायलांच्या घरी गेलो, त्यांचे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक पाहिले, शब्द जमवले. वह्या भरल्या. भाषा कशी टिकवावी यावर आम्ही मास्तर लोक परिसंवाद भरवतो. शाळा काढा, पुस्तके पाठवा, अनुदान मागा, असे ठराव करतो. ते करावेतच. पण मावशीने जे केले त्याला ठराव नव्हता. नातवंडे चिकाचा हलवा मागत नाहीत, हे तिने ओळखले. त्यांना हवा तो केक तिने केला, आणि त्यात आपला वेलदोडा घातला. तिने नातवंडांना काही जपा म्हणून सांगितले नाही. तिच्या हातचे ज्यांना आवडते त्यांच्या जिभेवर तिने ते ठेवून दिले.

मंगळवारी तीस तारखेला सूर्य टेकड्यांमागे गेला. दिवसभर भाजून काढणारे वाळवंट तासाभरात गार पडले. मावशीने डोक्यावर रुमाल घेऊन मेणबत्त्या लावल्या, तळहातांनी डोळे झाकून प्रार्थना म्हटली. टेबलावर मोरोक्कन सुनेने केलेल्या चीजच्या पुऱ्या होत्या, शेवयांची खीर होती, आमच्या डब्यातले पुण्याचे बेसनाचे लाडू होते. सगळ्यांत शेवटी तबक आले. मावशीने सुरी पाण्यात बुडवून चौकोनी तुकडे पाडले, वड्या पाडाव्या तसे, आधी उभे, मग आडवे. मी एक तुकडा तोंडात टाकला. वर चॉकलेट, मग मऊ झालेले बिस्कीट, मग तो थंड, किंचित आंबट चक्का. आणि गिळून झाल्यावर मागून हळूच आलेला वेलदोडा. सौभाग्यवतीने तीन तुकडे खाल्ले आणि पुण्याला गेल्यावर हे घट्ट चक्क्यात थोडी साय घालून करून पाहायचे, असे जाहीर केले. ते तिने पुढे केलेही, आणि आमच्या वाड्यातल्या मुलांनी तबक चाटूनपुसून स्वच्छ केले.

कोणी दुसऱ्यांदा घेण्याआधीच मावशीने उठून फळीवरून एक ताटली काढली. निळा काठ, एका बाजूला टवका उडालेला. त्यावर सहा तुकडे मांडले. रुमानियन बाई जाऊन काही वर्षे झाली होती. वर आता तिचा मुलगा राहतो, त्याची बायको, मुले. त्रेपन्न वर्षे ती ताटली त्या दोन मजल्यांत ये-जा करते आहे, आणि ती नक्की कोणाच्या मालकीची, हे आता दोन्ही घरांत कोणाला सांगता येत नाही.

“जा, वर देऊन ये,” मावशी नातीला मराठीत म्हणाली.

नात गेली. वरून हसण्याचे, खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले. बराच वेळ झाला. मग जिन्यात पावले वाजली, दार उघडले, आणि ती दोन्ही हातांत ताटली धरून आत आली. ताटलीत लालबुंद चेरीची फळे रचली होती. तिने ती आजीपुढे ठेवली, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि एक एक शब्द जपून टाकीत म्हणाली,

“रिकामी नाही आणली.”